गालावरचा लाल डाग आणि पल्स्ड डाय लेझर: एका मोटर रिवाइंडिंगवाल्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला शेवटपर्यंत वाचायला नको. माझ्या उजव्या गालावर, जबड्यावरून खाली गळ्यापर्यंत जन्मापासून लाल डाग आहे. डॉक्टरी भाषेत पोर्ट वाईन स्टेन. त्यावर पुण्यात पल्स्ड डाय लेझर करून घेतला. डाग गेला नाही. जांभळा होता तो फिकट लाल झाला. गळ्यावरचा आता शोधावा लागतो. गालावर उठलेल्या गाठी बसल्या आणि दाढी करताना रक्त यायचं थांबलं. वरच्या ओठावरचा आणि नाकाच्या कडेचा भाग मात्र होता तसाच आहे. पाचपैकी चार तारे.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. उद्या तिथले डॉक्टर बदलले किंवा मशीन बदललं, तर माझ्या शब्दावर गेलेला माणूस अडकेल. कुठेही गेलात तरी काय विचारायचं, ते मात्र सांगतो.

इचलकरंजीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटारी, शेतावरचे पंप, अधूनमधून मिक्सरसुद्धा. डागाचं मला लहानपणापासून फारसं काही वाटलं नाही, असं म्हणालो तर ते खोटं होईल, पण त्याच्यापायी माझं काही अडलं नाही हे खरं. शाळेत इतिहासाचे गुरुजी मला 'गोर्बाचेव्ह' म्हणायचे. गोर्बाचेव्हच्या डोक्यावरचा डाग हाच. सोव्हिएत संघाचा अध्यक्ष आणि आपण एका रांगेत, म्हणून मी खूशच असायचो. लग्न ठरलं, झालं, पोरं झाली. डाग आपल्या जागी होता.

चाळिशी जवळ आली तशी भानगड सुरू झाली. सपाट डाग जाड व्हायला लागला. जबड्याच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढ्या जांभळ्या गाठी उठल्या. सलूनमध्ये वस्तरा त्यातल्या एकीला लागला आणि रक्त थांबेचना. आमचा नेहमीचा कारागीर हुशार. तुरटी फिरवली, कापूस दाबला, पण टॉवेल भिजला तेव्हा त्याचाही चेहरा उतरला. "अण्णा, तुमची दाढी आता मशीननंच करत जाऊया," म्हणाला. मशीननंही लागायचं. झोपेत उशीला घासून लागायचं. वरच्या हिरडीतूनही त्याच बाजूला रक्त यायचं, ब्रश केला की बेसिन लाल. दात साफ करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगितलं की हे दाताचं नाही, गालावरच्याच रक्तवाहिन्यांचं आतलं टोक आहे, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

म्हणजे हा डाग वयाबरोबर गप्प बसत नाही. लहान मुलाचा गुलाबी असतो, मोठेपणी लाल, मग जांभळा, आणि बऱ्याच जणांना चाळिशीच्या आसपास जाडी येते, गाठी येतात. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. "जन्मखूण आहे, राहू दे," एवढंच सगळे सांगत आले.

पुण्याच्या आधी मी जवळच्याच एका मोठ्या गावातल्या स्किन क्लिनिकमध्ये गेलो होतो, त्याचं सांगतो. चकाचक जागा, एसी, काचेचं दार. "लेझर आहे का?" तर "आहे, अमेरिकन मशीन." मी विचारलं, "वेव्हलेंग्थ किती?" म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, तिच्यावरून प्रकाशाचा रंग ठरतो आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. काउंटरवरच्या मॅडमनी आत जाऊन विचारून यायचं कबूल केलं आणि पॅकेजचा कागद घेऊन आल्या. इतक्या बैठका, एकदम भरले तर इतकी सूट. माझ्या धंद्यात एखाद्यानं मोटर उघडायच्या आधीच पूर्ण बिल मागितलं तर गिऱ्हाईक दुकानासमोर थांबणार नाही. इथे मात्र लोक भरतात. मीही भरले.

ते मशीन लेझर नव्हतंच. आयपीएल होतं. इन्टेन्स पल्स्ड लाईट म्हणजे एक जबरदस्त फ्लॅशचा दिवा आणि पुढे फिल्टर. त्यातून ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा सगळा प्रकाश बाहेर येतो. त्याच दिव्यानं शेजारच्या खोलीत केस काढत होते. आयपीएल वाईट नाही, जाणत्याच्या हातात, योग्य फिल्टर लावून त्यानंही असे डाग फिके होतात. पण आपली कातडी सावळी. त्या पट्ट्यातला बराचसा प्रकाश रक्ताऐवजी कातडीतला रंगच पिऊन टाकतो. माझ्या गालावर फोड आले आणि खपल्या गेल्यावर मशीनच्या काचेच्या मापाचे चौकोन उमटले. लाल डागावर तपकिरी चौकोन. उन्हाळाभर ते घेऊन फिरलो. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "इस्त्री लागली काय?" उरलेल्या बैठकांचे पैसे परत मिळाले नाहीत.

बिलावर १८ टक्के जीएसटी लावला होता, तोही सांगतो, कारण हे फार जणांना माहीत नसतं. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, त्यातून कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे. पण जन्मजात दोष दुरुस्त करण्यासाठी केलेली असेल तर ती परत माफीतच येते. हे माझ्या सीएंनी दाखवलं. पुण्यात टॅक्स लावलाच नाही, न मागता. तेवढ्यावरून मला त्या जागेबद्दल बरं वाटलं, कारण डाग हा आजार आहे की नटणंमुरडणं आहे याचा निकाल त्यांनी बिलातच लावून टाकला होता.

आरोग्य विम्यानं मात्र उलटा निकाल दिला. कॉस्मेटिक म्हणून क्लेम परत. रक्तस्रावाचे फोटो जोडले, डॉक्टरांचं पत्र जोडलं, तरी तेच उत्तर आलं.

आता पुण्याचं. पहिल्या भेटीत लेझर केलाच नाही. डॉक्टर बाईंनी गाल दाबून पाहिला, काच लावून पाहिला, भिंगातून पाहिला. डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर आहे का ते बघितलं. तिथे असता तर डोळ्याचा दाब तपासायला पाठवलं असतं, लहान मूल असतं तर मेंदूचंही बघितलं असतं, असं म्हणाल्या. कपाळ-पापणीच्या डागाबरोबर काचबिंदू आणि फिट्स येऊ शकतात. त्याला स्टर्ज-वेबर सिंड्रोम म्हणतात. माझा डाग गालापासून खाली, कपाळ-पापणीवर नाही, त्यामुळे सुटलो. ज्यांच्या घरात कपाळावर असा डाग असलेलं बाळ आहे, त्यांनी लेझरच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रंगाचं मग बघता येईल.

मग त्यांनी काय होणार नाही ते सांगायला सुरुवात केली. "पूर्ण जाणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. तुमचं वय झालंय, रक्तवाहिन्या रुंद झाल्यात. गळ्याला आणि गालाच्या बाहेरच्या बाजूला चांगला फरक पडेल. नाकाशेजारी आणि ओठावर कमी पडेल, कदाचित पडणारच नाही. आणि काही वर्षांनी थोडा परत गडद होऊ शकतो." शेवटच्या वाक्याला आधार आहे. २००७ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या लोकांचे डाग पुन्हा मोजले होते. उपचार संपला तेव्हापेक्षा गडद, पण उपचाराआधीपेक्षा फिके. मी घरी येऊन वाचून खात्री केली. बाई सांगत होत्या त्यातला शब्द न् शब्द पुढे खरा निघाला, ओठासकट.

मी वेव्हलेंग्थ विचारली. "५९५," असं पटकन उत्तर आलं, आणि मग माझा धंदा कळल्यावर बाईंनी मशीनच उघडून दाखवल्यासारखं सगळं सांगितलं. कँडेला कंपनीचं व्हीबीम. आत फ्लॅशलॅम्प, तो कपॅसिटर बँकेवर चालतो आणि तो दिवा एका रंगाच्या द्रावणात प्रकाश ओततो. रंग रोडामाईन जातीचा. इचलकरंजीच्या माणसाला रोडामाईन काय सांगावं, आमच्याकडे प्रोसेसवाले कापड रंगवायला तो वापरत आले आहेत. इथे तोच रंग लेझरचा प्रकाश तयार करतो. म्हणून नावात 'डाय'. शॉट मारून मारून रंग उतरतो, ठरावीक शॉटनंतर बदलावा लागतो आणि तो महाग पडतो. पेशंट असोत नसोत, देखभाल चालूच. हे मशीन गल्लोगल्ली का दिसत नाही याचं उत्तर मला तिथेच मिळालं. केस काढायचं डायोड मशीन दिवसभर कमावतं, हे नाही.

आता हे काम कसं करतं ते सांगतो, कारण मला ते सगळ्यात आवडलं. १९८३ साली अमेरिकेत हार्वर्डच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ही युक्ती मांडली. त्याआधी आर्गॉन लेझर वापरायचे. त्याचा प्रकाश सलग चालायचा, रक्तवाहिनी जळायची आणि आजूबाजूची कातडीही शिजायची, डागाच्या जागी व्रण राहायचा. या दोघांनी दोन गोष्टी पकडल्या. एक, रक्तातलं हिमोग्लोबिन ज्या रंगाचा प्रकाश जास्त शोषतं तोच द्यायचा. ५७७ नॅनोमीटरला त्याचा एक उंचवटा आहे. सुरुवातीची मशीनं तिथेच चालायची, पुढे थोडं खोल जायला ५८५ आणि मग ५९५ आलं. दुसरी गोष्ट वेळेची. प्रकाश इतका थोडा वेळ द्यायचा की रक्तवाहिनी तापून मिटेल आणि उष्णता शेजारी सरकायच्या आत शॉट संपेल. सोल्डरिंग करताना आपण हेच करतो. इस्त्री कडक गरम ठेवायची, टेकवायची आणि लगेच उचलायची. थंड इस्त्री धरून बसलात तर सांधा होत नाही आणि वरचं इन्शुलेशन वितळतं. लेझरमध्ये हा टेकवण्याचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. रक्तवाहिनी जाड असेल तर वेळ वाढवतात, बारीक असेल तर कमी करतात.

आणि कातडी वाचवायला थंडावा. हँडपीसच्या टोकाला बारीक नळी आहे, शॉटच्या किंचित आधी त्यातून गारेगार फवारा येतो. मी डबा वाचला, आर-१३४ए. फ्रिजमध्ये, गाडीच्या एसीत असतो तोच गॅस. वरची कातडी क्षणभर गोठते, खालची रक्तवाहिनी तापते. सावळ्या रंगाला हा फवारा नसेल तर मी त्या खुर्चीत बसणार नाही. थंड हवेचा पंखा लावणारी मशीनंही आहेत, तेही चालतं. काहीच नसेल तर उठा.

आधी चाचणीचे शॉट दिले, जबड्याच्या मागे, कानाखाली, वेगवेगळ्या ताकदीचे, आणि काही आठवडे थांबवलं. सावळ्या कातडीवर जादा ताकद गेली की काळं किंवा पांढरं पडतं आणि ते लगेच दिसत नाही. ज्या ताकदीला डाग फिका झाला आणि कातडीचा रंग बिघडला नाही, तिथून सुरुवात. आयपीएलवाल्यांनी चाचणी घेतली असती तर पूर्ण गालावर चौकोन उठले नसते.

खरी बैठक अशी. आदल्या रात्री किंवा सकाळी दाढी अगदी घोटून करायची. केस राहिला तर तो तापतो आणि जळल्याचा वास येतो. गाठींच्या भीतीनं माझी कधीच घोटून व्हायची नाही, त्यामुळे पहिल्या वेळी खोलीभर वास. डॉक्टर बाई पांढऱ्या पेन्सिलीनं डागाची कड आखतात आणि मगच बधिरतेचं क्रीम लावतात. कारण क्रीमनं कातडी पांढरी पडते आणि कड हरवते. वर प्लास्टिकचा कागद चिकटवून तासभर बसायचं. ते पुसलं की डोळ्यांवर धातूच्या वाट्या, त्यावर पट्टी. खोलीत सगळ्यांना गॉगल. मशीनच्या खाचेत हँडपीस ठेवून दोन-चार शॉट रिकामे मारतात. ते कॅलिब्रेशन, ताकद बरोबर येते आहे का ते मशीन स्वतः मोजून घेतं. बाईंनी ते दर वेळी केलं, एकदाही टाळलं नाही. मला फार बरं वाटलं. माझ्याकडे मोटारीचं इन्शुलेशन तपासायचा मेगर आहे पण तो लावायचा कंटाळा करणारे कारागीर मी पाहिले आहेत.

मग फिस्स, फट. फिस्स म्हणजे गॅस, फट म्हणजे शॉट. डोळे मिटलेले, वर धातू, तरी पिवळा लख्ख उजेड आत येतो. गालाच्या मध्यावर सहन होतं. कानाकडे तर मी मोजत गप्पा मारत होतो. ओठाच्या वर आलं की डोळ्यांतून आपोआप पाणी येतं, त्याला धीर बीर काही उपयोगी नाही. एकेक शॉट सात-दहा मिलिमीटरचा गोल, शेजारचा थोडा आधीच्यावर चढवून. प्रत्यक्ष शॉटांचं काम चहा प्यायला लागेल तेवढ्यात संपतं. बाकी सगळा वेळ क्रीममध्ये आणि बाकड्यावर जातो.

तारा कापला तो याच बाकड्यामुळे. सकाळची वेळ देतात आणि दुपारी आत घेतात. स्थानिक माणूस घरी जाऊन जेवून येईल. इचलकरंजीहून रात्रीची गाडी धरून स्वारगेटला पहाटे उतरलेल्या माणसानं कुठं जायचं? दोन-तीनदा सांगून पाहिलं. रिसेप्शनवरची मुलगी गोड आहे, "हो सर, पुढच्या वेळी नक्की" म्हणते. तिचं पुढच्या वेळी आणि आमच्या वायरमनचं उद्या एकाच दिवशी येणार.

बैठक संपल्यावर आरशात बघितलं तर धक्का बसतो, तयारी ठेवा. शॉट जिथे पडला तिथे तिथे निळा-काळा गोल उठतो. रक्तवाहिनी आत फुटली, मिटली, त्याची खूण. हे गोल आठ-पंधरा दिवस राहतात आणि मूळ डागापेक्षा वाईट दिसतात. दुसऱ्या दिवशी सूज. माझा डोळा अर्धा बंद. एक व्यापारी दुकानात येऊन हळूच म्हणाला, "वाटणीचं भांडण का?" सांगत बसायचा कंटाळा आला की मी हो म्हणायचो.

पहिले काही दिवस वस्तरा नाही, चोळायचं नाही, बर्फाचा शेक, वर साधं व्हॅसलीन. आणि ऊन नाही. हे 'ऊन नाही' सगळ्यात अवघड. स्कूटरवर रुमाल बांधून, वर टोपी, सनस्क्रीन दुपारी पुन्हा लावायचं. आमच्या बाजारपेठेत सनस्क्रीन लावलेला पुरुष हा चेष्टेचा विषय आहे. पण उन्हात तापलेली कातडी शॉट जास्त पिते आणि काळी पडते, हे बाईंनी समजावल्यावर मी ऐकलं. तरीही एका बैठकीनंतर गालाच्या मध्यावर तपकिरी झाक आली. काही महिन्यांनी गेली. तोपर्यंत बाईंनी पुढची बैठक लांबवली, त्यात त्यांचं उत्पन्न बुडत होतं तरी. दोन बैठकांत सहसा सहा ते आठ आठवडे.

प्रत्येक बैठकीनंतर एक चिठ्ठी मिळते. वेव्हलेंग्थ, गोलाचं माप, दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल, पल्स किती मिलिसेकंद. आपण मोटारीला टॅग लावतो, किती टर्न, कुठली गेज, तसंच. उद्या मी दुसऱ्या गावी गेलो तर तिथल्या डॉक्टरांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. चिठ्ठी देत नसतील तर मागून घ्या.

गाठींचं काम वेगळं झालं. त्या ५९५ला दाद देईनात, एवढ्या खोल आणि जाड. त्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी याग नावाचा दुसरा लेझर, तोही एकेका गाठीवर मोजके शॉट. हा प्रकाश खोल जातो, म्हणून कामाचा आणि म्हणूनच धोक्याचा. थोडी ताकद जास्त झाली तर कायमचा पांढरा खळगा. बाईंनी एकच गाठ घेतली, थांबल्या, बघितलं, मग बाकीच्या. गाठी वाळून खपली धरून पडल्या. एका ठिकाणी किंचित खळगा आहे, बोटाला लागतो, डोळ्याला नाही. त्या जागी दाढीचे केसही येत नाहीत आता. १०६४ केसांनाही मारतो. हे आधी सांगितलं होतं आणि सही घेतली होती. दाढी राखणाऱ्यांनी विचार करून सही करा.

फरक मोजायची माझी स्वतःची पद्धत. मोबाईलचा फोटो रंगाला फसवतो, सकाळी एक दिसतं, ट्यूबखाली दुसरं. म्हणून दुकानातल्या एकाच ट्यूबखाली, गालाशेजारी लाल स्लीव्हिंगचा, म्हणजे वायरवर चढवायच्या नळीचा, एकच तुकडा धरून दर वेळी फोटो काढला. पहिल्या फोटोत गाल स्लीव्हपेक्षा बराच गडद. मधल्या फोटोंत जवळजवळ जुळतो. शेवटच्यात स्लीव्ह गडद आणि गाल फिका. पहिल्या काही बैठकांत मोठा फरक, नंतर नंतर थोडा थोडा. बाईंनीच एक दिवस सांगितलं, "आता पैसे जास्त आणि फरक कमी असं होईल, थांबूया." एका बैठकीला दहा हजारांच्या वर जातात, प्रवास वेगळा. थांबूया म्हणणारा दुकानदार मी तरी कमी पाहिलाय.

आईचं एक सांगतो. माझ्या वेळी ग्रहण होतं आणि आईनं विळी हातात घेतली, म्हणून पोराच्या तोंडाला लागलं, असं आजीनं ठरवून टाकलं होतं. आजी गेली तरी ते वाक्य घरात राहिलं. कुणी पाहुणा डागाकडे बघायला लागला की आई उठून स्वयंपाकघरात जायची. बाईंना मी सहज विचारलं, तर त्यांनी सांगितलं की २०१३ साली कारण सापडलं. बाळ पोटात वाढत असताना एका पेशीतल्या जीएनएक्यू नावाच्या जनुकात चूक होते, त्या पेशीपासून पुढे ज्या रक्तवाहिन्या होतात त्या तशाच होतात. आईबापाकडून येत नाही, पुढच्या पिढीत जात नाही, आईनं काय केलं काय नाही याच्याशी संबंध नाही. हजारात साधारण तीन बाळांना असा डाग असतो. घरी येऊन आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. "म्हणजे विळीचं काय न्हवतंच?" म्हणाली. नव्हतंच म्हटलं. तर थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "तुझ्या आजीला आता कोण सांगणार!" आणि हसली. या एका माहितीचे त्यांनी पैसे लावले असते तरी मी दिले असते.

माझं तोंड बघून आता लोक पोरांचे फोटो घेऊन येतात. मागे एका यंत्रमागवाल्यानं नातीचा फोटो दाखवला. जन्मताना काही नव्हतं, दोन-तीन आठवड्यांनी लाल ठिपका, मग फुगत चाललेला लाल उंचवटा. हे माझ्या डागासारखं नाही. याला हिमँजिओमा म्हणतात. पहिले काही महिने झपाट्यानं वाढतो, मग काही वर्षांत आपोआप ओसरतो. डोळ्याजवळ, ओठावर, नाकावर असेल किंवा फुटून जखम होत असेल तर थांबायचं नसतं. त्यावर पहिला उपाय लेझर नाही, प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं जुनं औषध. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांना योगायोगानं कळलं, हृदयासाठी हे औषध चालू केलेल्या बाळाचा हिमँजिओमा विरघळायला लागला. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं, नाडी आणि साखर बघत. त्या आजोबांना लेझरच्या जाहिरातीचा फोन नंबर कुणीतरी आधीच दिला होता. मी त्यांना बालरोगतज्ज्ञाकडे पाठवलं.

आणि पाळण्यातल्या बाळाच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे फिकट गुलाबी ठिपका असेल, रडताना गडद होत असेल, तर तो बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत जातो. त्यावर खर्च करू नका. तिन्ही लालच दिसतात, म्हणून आधी ओळख करून घ्या.

खरा पोर्ट वाईन स्टेन असेल तर लहानपणी सुरू केलेलं बरं, असं डॉक्टर सांगतात. कातडी पातळ, डागाचं क्षेत्र लहान, रक्तवाहिन्या बारीक. काही ठिकाणी तान्ह्या बाळाला धरून, बधिर न करता काम करतात. थोड्या मोठ्या मुलाला ते जमत नाही, मग पूर्ण भूल द्यावी लागते, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा लांबलचक भूल देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१६ साली सावध केलेलं आहे. हा हिशोब आईबापांनी डॉक्टरांसमोर बसून करायचा. मी माझ्या गालाचा केला, दुसऱ्याच्या लेकराचा कसा सांगू?

ओठाचा आणि नाकाच्या कडेचा नाद मी सोडला. तिथे अजून मारून घेतलं असतं तर थोडा फरक पडलाही असता, पण त्या जागेचं दुखणं आणि तो खर्च, दोन्ही मला परवडत नाही. मिशी राखलीय. गळ्यावर कॉलरच्या खाली एक पट्टा शिल्लक आहे तो थंडीत करून घेईन, ऊन कमी असतं आणि रुमाल बांधून फिरायला लाज वाटत नाही. वेळ दुपारची मागितली आहे. त्यांनी सकाळची दिली आहे.